पडण्याची मुभा

चक्कर येण्यावरचा एक जुना आणि परिणामकारक उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा चक्कर आणवून घेणं. मान वळवली की गरगरतं, म्हणून मान वळवायची. खाली वाकलं की तोल जातो, म्हणून दिवसातून तीन वेळा खाली वाकायचं. ऐकायला हा उपाय क्रूर वाटतो, पण त्यामागचं कारण समजलं की दुसरा रस्ताच नाही हे पटतं. माझ्यापुढचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माणसाला मुद्दाम नकोसं वाटेल असं काही करायला लावायचं असेल, आणि ते खेळाच्या वेष्टनात घालून करायला लावलं, तर आपण त्याला मदत करतो की फसवतो?

आधी कारण. कानाच्या पडद्याच्या बऱ्याच आत, हाडाच्या पोकळीत, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कोणत्या दिशेला फिरतंय हे त्या सांगतात. त्यांच्या शेजारच्या दोन छोट्या पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. तुमच्या फोनमध्ये जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सेलरोमीटर असे दोन सेन्सर असतात, त्यांच्यातही जवळजवळ हीच कामाची वाटणी असते. डोकं स्थिर असतानासुद्धा दोन्ही कानांकडून मेंदूकडे सारख्या प्रमाणात संदेश जात असतात. एखाद्या विषाणूमुळे एका बाजूच्या नसेला सूज आली आणि तिथले संदेश अचानक मंदावले, तर मेंदू त्या फरकाचा अर्थ ‘डोकं फिरतंय’ असा लावतो. मग अंथरुणावर पडलेल्या माणसाभोवती खोली फिरायला लागते.

पहिला भर काही दिवसांत ओसरतो. पण हिशेब पूर्ण जुळत नाही. मान डावीकडे वळली की डोळे तेवढ्याच वेगानं उजवीकडे वळायला हवेत, तरच समोरची पाटी स्थिर दिसते. हे काम आपण दिवसभर नकळत करत असतो. कानाकडून चुकीचा आकडा यायला लागला की पाटीवरची अक्षरं घसरतात. ही घसरण हाच मेंदूसाठी दुरुस्तीचा इशारा असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर चुकीचा आकडा हातात आल्याशिवाय कॅलिब्रेशन करता येत नाही. जो माणूस चक्कर येईल म्हणून मान ताठ धरून बसतो, तो स्वतःच्या मेंदूपासून चुका लपवतो. त्याला बरं व्हायला उशीर लागतो, कधी कधी तो तसाच राहतो.

प्रत्येक चक्कर अशी नसते, हे इथेच सांगायला हवं. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जागा सोडून नलिकेत गेले की कूस बदलताना भोवळ येते. तिथे तज्ज्ञानं डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते खडे मूळ जागी नेणं हा उपाय आहे, व्हिडिओ गेम नव्हे. रक्तदाब, हृदय, मेंदू अशी इतरही कारणं असतात. तेव्हा पुढचं सगळं निदान झाल्यानंतरचं आहे असं समजा.

* * *

माझी मावशी एकसष्ट वर्षांची आहे आणि कराडला राहते. गेल्या वर्षी तिला हाच आजार झाला. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, रोज कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाणारी ही बाई दोन महिन्यांत घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागली. जिना सुटला, मंडई सुटली. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघणं तिला जमेना, म्हणून तिनं रस्ता ओलांडणंच सोडलं. या आजारातला अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्ट आम्हाला पुण्यात सापडल्या. त्यांनी व्यायाम दिला तो असा: भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, त्यावर नजर रोखायची आणि मान ‘नाही नाही’ म्हणतात तशी एक मिनिट हलवायची. दिवसातून अनेक वेळा.

मावशीनं तो चार दिवस केला. पाचव्या दिवशी मी फोन केला तेव्हा म्हणाली, “अगं, भिंतीला दिवसभर नाही नाही म्हणत बसायचं. वर मळमळतं. आणि उपयोग होतोय की नाही ते कळायला काही मार्ग नाही.”

तिन्ही तक्रारी बरोबर होत्या. व्यायाम कंटाळवाणा होता, त्रासदायक होता आणि त्यातून काही उत्तर मिळत नव्हतं. मी पोटापाण्यासाठी अ‍ॅप बनवते. माझ्याकडे अशा तक्रारींवर तयार उत्तर असतं आणि त्याचं नाव खेळ.

मी तिच्या लॅपटॉपसाठी एक साधा खेळ लिहिला. पडद्यावर मधोमध एक अक्षर असतं, ‘घ’. कॅमेरा तिचा चेहरा बघून मानेचा वेग मोजतो. मान फिजिओथेरपिस्टनी सांगितलेल्या वेगानं हलत असेल तरच कधीतरी क्षणभर ‘घ’चा ‘ध’ होतो. तो दिसला की कळ दाबायची. पुढच्या पातळीवर ‘म’ आणि ‘भ’. देवनागरी यासाठी फार सोयीची लिपी आहे, एका बारीकशा गाठीवर अख्खं अक्षर बदलतं. मान हलत असताना ती गाठ दिसली याचाच अर्थ डोळे आपलं काम करायला लागलेत. मावशी खुर्चीत बसून खेळायची, घरात कोणीतरी असताना, आणि वेग कधी वाढवायचा ते फिजिओथेरपिस्ट ठरवायच्या.

खेळ फार चांगला नव्हता. पण मावशी तो खेळली.

* * *

वैद्यकात खेळ घुसवणं ही आमच्या पिढीची हुशारी आहे असा समज असेल तर तो खोटा आहे. १९४०च्या दशकात, युद्धाच्या काळात, इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथॉर्न नावाचे कान-नाक-घशाचे सर्जन आणि त्यांचे सहकारी कुक्सी डोक्याला मार लागलेल्या आणि कानाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर काम करत होते. लवकर हिंडायला-फिरायला लागणारे रुग्ण लवकर बरे होतात हे लक्षात आल्यावर त्यांनी व्यायामांची एक चढती मालिका तयार केली. ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. सुरुवात अंथरुणात पडून नुसते डोळे हलवण्यापासून. मग मान. मग बसून खांदे, खाली वाकून वस्तू उचलणं. मग उभं राहून चेंडू डोळ्यांच्या वर एका हातातून दुसऱ्या हातात टाकणं. मग डोळे उघडे आणि मिटून चालणं, चढण, जिना. आणि शेवटच्या पायरीवर ज्यात वाकावं, ताणावं आणि नेम धरावा लागतो असे खेळ, उदाहरणार्थ बास्केटबॉल.

वाकणं, ताणणं, नेम धरणं. ही यादी वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर आली ती लगोरी. आणि त्याबरोबर मंगळागौरीची फुगडी, जी दुसरं तिसरं काही नसून अंतर्कर्णाला दिलेलं आव्हान आहे. मुली स्वतःला मुद्दाम गरगर फिरवतात, थांबतात, जमीन फिरताना बघतात, हसतात आणि पुन्हा फिरतात.

व्हिडिओ गेम या परंपरेत बराच उशिरा आला आणि तोही जवळजवळ अपघातानं. निन्टेंडो कंपनीनं २००६ साली ‘वी’ हा हातवाऱ्यांनी खेळायचा गेमिंग कन्सोल आणला आणि २००७ साली जपानमध्ये ‘वी फिट’. त्याच्याबरोबर एक फळी यायची. तिच्या चार कोपऱ्यांत चार सेन्सर, त्यावर उभं राहिलं की वजन कुठल्या बाजूला झुकतंय ते कळायचं. घरात बसून खेळण्यासाठी केलेलं हे खेळणं फिजिओथेरपिस्टांच्या नजरेत भरलं, कारण तोल मोजायच्या प्रयोगशाळेतल्या पट्ट्या याच तत्त्वावर चालतात आणि त्यांची किंमत कित्येक पट जास्त असते. २०१० साली संशोधकांनी ही फळी आणि प्रयोगशाळेतली पट्टी यांची तुलना केली, तेव्हा उभ्या माणसाचा तोल मोजण्याच्या कामात फळी चांगली उतरली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ हा कॅमेरा आला आणि तोही दवाखान्यांत पोहोचला.

मग साहजिक प्रश्न आला: खेळानं रुग्ण जास्त बरे होतात का? २०१५ साली डब्लिनमधल्या संशोधकांनी एका बाजूचा अंतर्कर्ण निकामी झालेल्या ७१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला तोलाचे नेहमीचे व्यायाम, दुसऱ्याला वी फिटवरचे. सहा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक सापडला नाही. फरक सापडला तो दुसरीकडे. खेळणाऱ्यांना व्यायाम जास्त आनंददायक वाटला, कमी अवघड वाटला आणि नंतर थकवा कमी जाणवला.

* * *

माझ्या व्यवसायातल्या माणसाला हा निष्कर्ष सांगितला तर तो म्हणेल, म्हणजे खेळाचा उपयोग नाही. आमच्याकडे मुख्य आकडा हलला नाही तर ते फीचर काढून टाकतात. वैद्यकातला माणूसही हेच म्हणू शकतो: परिणाम सारखाच, मग महागडं यंत्र कशाला?

मला हा निष्कर्ष नैतिकदृष्ट्या फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो नेमका सारखेपणामुळेच. खेळानं जास्त बरं वाटलं असतं तर प्रश्न संपला असता, खेळ हे फक्त जास्त चांगलं औषध ठरलं असतं. इथे मुक्काम तोच आहे, फक्त वाट वेगळी आहे. आता सांगा, वाटेवरच्या आनंदाला स्वतःची काही किंमत आहे की नाही? वारीत लोक चालता चालता फुगड्या घालतात. त्यानं पंढरपूर एक पाऊलभरही जवळ येत नाही. म्हणून ती फुगडी फुकट गेली असं कोणी म्हणत नाही.

पण दवाखान्यात आणि घरात आपण असं म्हणतो. आपल्याकडे खेळाबद्दल एक जुना संशय आहे. ‘खेळ पुरे, आता अभ्यासाला बस’ हे ऐकतच आपण मोठे होतो. औषध कडूच असतं आणि कडू असतं म्हणूनच ते लागू पडतं, असाही एक समज मुरलेला आहे. मावशी पहिल्या आठवड्यात लॅपटॉप उघडायची ती दार लोटून. काका कोणाला सांगतील की ही या वयात गेम खेळते, याची तिला लाज वाटायची. शेजारी विचारलं तर ती ‘डोळ्यांचं काम करते’ म्हणायची. भिंतीसमोर उभं राहून मळमळणं तिला सन्मानाचं वाटत होतं, आणि तेवढीच मान हलवून हसणं मात्र लपवण्यासारखं.

खेळाच्या बाजूनं बोलणारे या संशयाला सहसा जे उत्तर देतात ते मला पुरेसं वाटत नाही. ते म्हणतात, कडू गोळीवरचा हा साखरेचा थर आहे, एवढंच. पण हे मान्य केलं तर फसवणुकीचा आरोप अर्धा मान्य केल्यासारखं होतं. साखरेचा थर कडूपणा लपवतो. मावशीपासून काही लपलेलं नव्हतं. मान हलवल्यावर तिला गरगरायचंच. खेळात ते कमी होत नव्हतं, कमी होऊनही चाललं नसतं, कारण ते गरगरणं हाच औषधाचा डोस होता. व्हर्च्युअल रिॲलिटीवर काम करणारे माझे मित्र हेडसेट घातल्यावर कोणाला मळमळलं तर तो दोष मानतात आणि तो काढायला रात्री जागतात. इथे तीच मळमळ मोजून मापून, थोड्या वेळात ओसरेल इतकीच, द्यायची असते. मग थर कशावर होता? खेळानं नेमकं काय बदललं?

* * *

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ हे पुस्तक लिहिलं. खेळ म्हणजे काय याची व्याख्याच करता येत नाही असं मानणाऱ्यांना त्यानं त्यात व्याख्या करून दाखवली. तिचा गाभा माझ्या शब्दांत असा: गरज नसलेला अडथळा आपण आपखुशीनं स्वीकारतो आणि तो पार करायच्या धडपडीत रमतो, तेव्हा आपण खेळत असतो. लंगडी घ्या. दोन धडधाकट पाय असलेली मुलगी एक पाय दुमडून दुसऱ्या मुलींच्या मागे धावते. दोन्ही पायांनी धावली तर त्यांना सहज पकडेल. पण मग ती लंगडी उरणार नाही.

आता मावशीकडे बघा. तिच्यापुढचा अडथळा अनावश्यक नव्हता आणि तो तिनं आपखुशीनं स्वीकारलाही नव्हता. आजारानं तिचा एक पाय दुमडून टाकला होता, आणि सगळं जग दोन पायांवर धावत होतं. व्यायामाचा कागद तिला सांगत होता की तुझी लंगडी किती वाईट आहे ते रोज दहा वेळा तपासून बघ. खेळानं त्या अडथळ्याचं मापही बदललं नाही आणि वेदनाही बदलली नाही. त्यानं त्याभोवती एक चौकट आखली आणि म्हटलं, या चौकटीत तू यायचं ठरवलंस म्हणून आलीस. लादलेली अडचण काही मिनिटांसाठी निवडलेली अडचण झाली.

यातून आणखी एक गोष्ट घडते आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे. चौकटीत चुकणं स्वस्त होतं. जिन्यावर मावशीचा तोल गेला तर खुब्याचं हाड मोडेल, मग शस्त्रक्रिया, मग अंथरूण. त्या वयात पडणं ही कल्पना इतकी महाग असते की माणूस तिच्या आसपासही फिरकत नाही. खेळात ‘ध’ सुटला तर दहा गुण जातात आणि पुढचा ‘ध’ येतो. तिसऱ्या आठवड्यात मावशी मला म्हणाली, “काल सतरा चुकले गं,” आणि हसली. आजार झाल्यापासून स्वतःच्या तोलाबद्दल बोलताना ती हसलेली मी ऐकली नव्हती.

मेंदू चुकांमधूनच शिकतो हे आपण सुरुवातीला पाहिलं. ज्याला चुका परवडत नाहीत त्याला बरं होणंही परवडत नाही. म्हणून खेळ हा उपचारावरचा थर नाही. चुका परवडतील अशी जागा तयार करणं हा उपचाराचाच भाग आहे. लहान मूल पडत पडत चालायला शिकतं, कारण ते जमिनीपासून फार उंच नसतं आणि पडल्यावर कोणी त्याला बोल लावत नाही. मोठ्या माणसाला अशी मुभा देणाऱ्या जागा जगात फार थोड्या आहेत. खेळ ही त्यांपैकी एक.

* * *

इथवर आले की मला माझ्या व्यवसायाची आठवण होते, आणि समाधान टिकत नाही.

मी ज्या कंपनीत काम करते तिचं अ‍ॅप लोकांना चांगल्या सवयी लावतं. पाणी प्या, चाला, ध्यान करा. माझं काम नोटिफिकेशन कधी आणि काय पाठवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचं. सलग किती दिवस तुम्ही अ‍ॅप वापरलं याची साखळी आम्ही दाखवतो. एक दिवस चुकला की साखळी तुटते, आकडा शून्यावर येतो. लोकांना शून्याचा त्रास होतो, म्हणून ते परत येतात. हे काम करतं, याबद्दल मला शंका नाही, मी आकडे रोज बघते.

मावशीच्या खेळात मी साखळी ठेवली नाही. एका सहकाऱ्यानं त्याचं कारण विचारलं आणि त्याचा युक्तिवाद हलका नव्हता. तो म्हणाला, व्यायाम नियमित केला तरच गुण येतो. साखळीनं नियमितपणा वाढतो. मग साखळी न ठेवून तू मावशीचं बरं होणं लांबवत नाहीस का? आणि थोडी अपराधी भावना जागवणं वाईट असेल, तर ‘काल व्यायाम का नाही केलात?’ म्हणून रागावणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं काय वेगळं केलं?

फरक आहे. रागावणारी बाई आधी विचारते. ताप होता, मुलगी माहेरी आली होती, काल जास्तच गरगरलं, यापैकी काय झालं ते ऐकून ती रागावायचं की विश्रांती घ्या म्हणायचं ते ठरवते. तिच्या रागावण्याला उत्तर देता येतं. शून्याला उत्तर देता येत नाही. पण याहून मोठा मुद्दा माझ्या मते असा: खेळानं जे दिलं होतं तेच साखळी परत घेते. चूक स्वस्त करणं हे खेळाचं देणं, आणि साखळी चूक पुन्हा महाग करते. तेवीस दिवस जमवलेलं एका तापात जाणार असेल, तर मावशी पुन्हा जिन्यावरच उभी आहे. वी फिटमध्येही खेळाडूच्या चाचण्या घेऊन त्याचं ‘वय’ सांगायची सोय होती. गंमत म्हणून ती ठीक. पण तोल गेलेल्या माणसाला रोज सकाळी पडद्यानं ‘तू बहात्तरची आहेस’ म्हणणं, यात खेळ राहत नाही. तिथे पडण्याची मुभा संपते आणि परीक्षा सुरू होते.

तेव्हा फसवणूक की मदत या प्रश्नासाठी मला एक कसोटी सापडली. त्या खेळात मजा येते का, तो गुण देतो का, रंग किती, हे बघायचं नाही. चुकल्यावर काय होतं ते बघायचं. चूक स्वस्त होत असेल तर तो खेळ रुग्णाच्या बाजूचा. चूक महाग होत असेल, तर तो आणखी कोणाच्या तरी बाजूचा आहे.

कोणाच्या? याचं उत्तर आमच्या डॅशबोर्डवर आहे. आमच्याकडे महिनाभर अ‍ॅप न उघडणाऱ्या माणसाला ‘चर्न’ म्हणतात, म्हणजे गळती. गळतीचा आलेख वर गेला की बैठक होते. फिजिओथेरपिस्टच्या वहीतही अशी माणसं असतात, येईनाशी झालेली. त्यांतली काही कंटाळून गेलेली असतात, पण पुष्कळशा नावांपुढे तिनं स्वतः लिहिलेलं असतं की बरे वाटते, आता येण्याची गरज नाही. एकच माणूस, एकच न येणं. एका वहीत तो तोटा आणि दुसऱ्या वहीत तेच सगळ्या कामाचं फळ. उपचाराचा खेळ जर पहिल्या वहीत हिशेब ठेवणाऱ्यांच्या हाती गेला, तर त्याच्या कोडमध्ये कुठेतरी रुग्णानं जाऊ नये अशी इच्छा लिहिली जाईल. त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. आलेखाकडे बघणारा एक इंजिनिअर पुरतो.

ही काल्पनिक भीती नाही. २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लक्ष न लागण्याचा विकार असलेल्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याजोगा उपचार म्हणून परवानगी दिली. खेळ औषधांच्या यादीत येऊन बसला आहे. त्याचबरोबर उलट धोकाही आहे: कंपनीचं हित संपलं की खेळ बंद होतो. मायक्रोसॉफ्टनं २०१७ साली किनेक्टचं उत्पादन थांबवलं, वीचा जमाना त्याआधीच सरला होता. दवाखान्यांनी ज्या खेळण्यांभोवती पद्धती बसवल्या त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. कुक्सींचा चेंडू मात्र अजून मिळतो.

* * *

जुन्या घरांतून पांगुळगाडा असायचा. तीन चाकांची लाकडी गाडी, मूल तिला धरून ढकलत पाऊल टाकायला शिकायचं. तो बनवणाऱ्या सुताराला पक्कं ठाऊक असायचं की आपली वस्तू यशस्वी झाली म्हणजे माळ्यावर जाणार. उपचाराच्या खेळाचा धर्म पांगुळगाड्याचा असावा, असं मी बरेच दिवस मानत होते आणि ते मला छान जुळलेलं वाटत होतं.

फिजिओथेरपिस्टांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “आणि ज्यांना तो कधीच सोडता येणार नाही, त्यांचं काय?” जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं जीव वाचवतात, पण काहींच्या दोन्ही अंतर्कर्णांमधल्या तोलाच्या पेशी कायमच्या नष्ट करतात. अशा माणसाला उरलेलं आयुष्य डोळे आणि पाय यांच्या भरवशावर तोल सांभाळावा लागतो. त्याला अंधारात, मऊ वाळूवर, गर्दीत रोज नव्यानं शिकावं लागतं. त्याला व्यायामातून सुट्टी नाही. ‘जा आता’ म्हणणारा खेळ त्याच्या काय उपयोगाचा?

म्हणून मी पांगुळगाडा पूर्ण टाकून न देता थोडा बदलते. खेळानं सोडून द्यावं ही अट सगळ्यांना लागू होत नाही. जाण्याची किल्ली खेळणाऱ्याच्या हातात असावी, ही होते. आज यायचं की नाही, किती वेळ, कधी थांबायचं, हे तिनं आणि तिच्या थेरपिस्टनं ठरवावं आणि ठरवल्याबद्दल खेळानं तिला दंड करू नये. जो माणूस आयुष्यभर खेळणार आहे त्याला तर चूक स्वस्त असण्याची गरज सगळ्यांत जास्त. सूट्सच्या व्याख्येतला ‘आपखुशीनं’ हा शब्द मला सुरुवातीला फक्त व्याख्येचा भाग वाटला होता. आता वाटतं, नीतीचा सगळा भार त्याच शब्दावर आहे. आपखुशी काढून घेतली की उरतो तो गुण मोजणारा व्यायाम, आणि तो भिंतीवरच्या कागदापेक्षाही वाईट. कागद निदान माणसाच्या मागे लागत नाही.

मावशी साडेतीन महिन्यांनी एकटी मंडईत जाऊन आली. त्यात खेळाचा वाटा किती, फिजिओथेरपिस्टचा किती आणि मेंदूच्या स्वतःच्या सावरण्याचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि डब्लिनचा अभ्यास तर सांगतो की निव्वळ कागदावरच्या व्यायामानंही ती तिथेच पोहोचली असती. फक्त तिनं तो कागद पाचव्या दिवशी बाजूला ठेवला होता. त्या खेळाला आज एकही वापरकर्ता नाही. फाइल तिच्या लॅपटॉपवर आहे. सर्दी-तापानंतर असा त्रास काहींना पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून मी ती काढलेली नाही. तिला लागलं तर ती उघडेल. मधल्या दिवसांचा हिशेब तिला कोणी विचारणार नाही.